सरासरीत बसलेला जानेवारी

नांदेड-लातूरकडे हिवाळा सरत आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "महिना सरासरीइतकाच गेला, मग ओरड कशाची?" बँकेच्या आढाव्यात ते येतं, विम्याच्या बैठकीत येतं, नुकसानीचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला टेबलापलीकडून ऐकवलं जातं. शेती सुटून एक पिढी झालेले शहरातले सोयरेही आता तेच बोलू लागले आहेत. ऐकणारा गप्प बसतो. केळीचं पान पिवळं पडलंय, तुरीचं फूल गळलंय, हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. पण समोरच्याच्या हातात कागद असतो आणि कागदावर सरासरीपासूनचा फरक शून्याला टेकलेला असतो.

माझं म्हणणं असं की हिवाळ्यातल्या महिन्याची सरासरी हे हवामानाचा इतिहास लिहिण्याचं साधन आहे. त्या महिन्यात पिकाचं काय झालं याचा निकाल देण्याचा अधिकार तिला नाही. ज्यांनी तो तिच्या हाती दिला, त्यांनी एक तर तिचं गणित नीट पाहिलेलं नाही किंवा शेत पाहिलेलं नाही.

आधी गणितच बघू. जानेवारीच्या रात्री ३१. समजा, पहिल्या १० रात्री पारा ८ अंशांवर राहिला, मधल्या ११ रात्री आभाळामुळे १८ वर चढला आणि शेवटच्या १० रात्री १३ वर आला. बेरीज ४०८, भागिले ३१, उत्तर १३.२. आता दुसरा जानेवारी घ्या, ज्यातल्या सगळ्याच रात्री १३ अंशांच्या आगेमागे गेल्या. उत्तर जवळपास तेच. सरासरीपासून दीड अंशापर्यंतचा फरक हवामान विभाग सामान्य धरतो. म्हणजे तिथली दीर्घकालीन सरासरी १३ असेल तर दोन्ही महिने सामान्य ठरले. दुसऱ्या महिन्यात रब्बी आनंदानं वाढली. पहिल्या महिन्यात आधी बागा गारठल्या, मग आभाळानं अळी आणि मावा आणला. शेतकऱ्यानं दोनदा मार खाल्ला आणि त्या दोन्ही माऱ्यांची बेरीज कागदावर शून्य झाली. थंडीनं केलेलं नुकसान उबेनं भरून निघालं असं सरासरी म्हणते. पिकात तसं काही भरून निघत नसतं.

हे केवळ कल्पनेतलं गणित नाही. डिसेंबर २०२४ आठवा. नोव्हेंबरच्या अखेरीस चांगली थंडी पडली होती. तेवढ्यात बंगालच्या उपसागरात 'फेंगल' चक्रीवादळ आलं, ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर चढलं, आणि त्याचे अवशेष दक्षिण भारतावरून सरकत असताना मराठवाड्यावर आभाळ दाटलं. रात्री उबदार झाल्या, थंडी कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या आठवड्यात आकाश मोकळं झालं, उत्तरेचे कोरडे वारे सुटले आणि शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्याही खाली गेला. महिना संपता संपता पुन्हा आभाळ, राज्याच्या काही भागांत अवकाळी पाऊस आणि गारा. ३० डिसेंबरला वेळ अमावस्या होती. लातूरकडची माणसं त्या दिवशी शेतात जातात, कडब्याची कोप करून पांडव पुजतात, भज्जी-आंबील खातात आणि जेवणं झाली की बांधाबांधानं फिरून पीक बघतात. एका महिन्यात तीन ऋतू भोगलेलं पीक त्यांनी त्या दिवशी पाहिलं. या तिन्हींना ३१ नं भागून जो आकडा निघतो, तो त्या महिन्यातल्या कुठल्याच आठवड्याचा नसतो.

वेळ अमावस्येचा उल्लेख मुद्दाम केला. २०२४ च्या जानेवारीत ती ११ तारखेला होती, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३० ला, आणि २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. "वेळ अमावस्येपर्यंत थंडी पडायला हवी होती, पडली नाही," असं एखादी आजी म्हणते तेव्हा ती तिथीनं मोजत असते; सरकारी तक्ता १ तारखेपासून ३१ पर्यंत मोजतो. डिसेंबरच्या २५ पासून जानेवारीच्या ५ पर्यंत सलग कडाका पडला, तर तो दोन महिन्यांत वाटला जाऊन दोन्हीकडे पुसट होतो. बारा रात्रींचा कडाका कुणाच्याच खात्यावर दिसत नाही.

आता एका दिवसाचं गणित. दिवसाचं सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन. निरभ्र दिवशी कमाल २९, किमान ११: सरासरी २०. आभाळाच्या दिवशी ऊन अडतं म्हणून कमाल २४ वर थांबतं, आणि रात्री जमिनीची ऊब ढगांखाली कोंडते म्हणून किमान १६ च्या खाली जात नाही: सरासरी २०. दोन्ही दिवस अगदी सारखे ठरले. आमच्याकडच्या रब्बीच्या दृष्टीनं मात्र या दोन दिवसांइतके वेगळे दिवस शोधून सापडणार नाहीत.

पहिला दिवस गव्हाचा आहे. रात्रीच्या गारव्यानं फुटवे धरतात, दिवसाच्या उन्हानं पान काम करतं. हरभऱ्यालाही अशीच कोरडी थंडी मानवते. दुसरा दिवस किडींचा आहे. आभाळ चार दिवस हटलं नाही की हरभऱ्यात घाटेअळी सुरू होते, करडईवर मावा चढतो, ज्वारीच्या पानांवर चिकटा दिसू लागतो, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते. डिसेंबरात तूर फुलात असताना सकाळी धुई पडली की झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा दिसतो, आणि उभ्या तुरीत शेंगा पोखरणारी अळी निघते. त्या आठवड्यात लातूरच्या आणि उदगीरच्या कृषी सेवा केंद्रांवर गर्दी होते. एक फवारणी, मग दुसरी, आणि आभाळ तसंच राहिलं तर तिसरी. औषधाचे पैसे, पंपाचं भाडं, माणसाची मजुरी. हा सगळा खर्च ज्या आठवड्यानं करायला लावला, तो आठवडा सरासरी तापमानाच्या तक्त्यात अगदी गुणी म्हणून नोंदवला जातो.

हवामान विभाग कमाल आणि किमान वेगवेगळं नोंदवतो, रोजचा फरकही वेगळा देतो; हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. किमान तापमान वाचण्याची वेळ सकाळी साडेआठची, कमालची संध्याकाळी साडेपाचची, आणि वर्षानुवर्षं ही शिस्त पाळली गेली म्हणूनच आपल्याकडे तुलना करण्याजोगी नोंद आहे. दोष नोंदणाऱ्यांचा नाही. तीस दिवसांच्या साठ नोंदींमधून एकच आकडा उचलून तो शेतकऱ्याच्या तोंडावर टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

केळीकडे वळू, कारण नांदेड जिल्ह्यात हिवाळ्याचा खरा हिशेब केळीत होतो. अर्धापूरची केळी दूरवर जाते. या पिकाचा स्वभाव उष्ण प्रदेशातला. साधारण १५-१६ अंशांखाली त्याची वाढ मंदावते, १२-१३ च्या खाली इजा व्हायला लागते. म्हणजे आपल्याकडची जानेवारीतली साधी, सरासरीतली रात्रसुद्धा केळीला त्रासाचीच असते. दिवसाच्या उन्हावर ती तग धरते. थंडी सलग राहिली की आधी पोंगा अडतो. एरवी गुंडाळीतून सरळ वर येऊन उलगडणारं नवं पान अर्ध्यातच थांबतं. बोटानं उघडून बघितलं तर आतली कड फिकी, कधी तपकिरी. जुन्या पानांवर पिवळे पट्टे येतात. शेतकरी म्हणतो चरका बसला. निसवणीवर आलेल्या झाडाचं तर फारच अवघड: घड बुंध्याच्या गळ्यात अडकतो, वाकडा बाहेर पडतो, फण्या आखूड राहतात. नुकसान जानेवारीत होतं आणि दिसतं एप्रिल-मे महिन्यात, वजनकाट्यावर. म्हणून माणसं थंडीच्या रात्री बागेत जागतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते पहाटे सोडतात. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर धरतात. ज्यांनी वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावलेली असते ते थोडे निश्चिंत असतात. दहा रात्री असं जागलेल्या माणसाला "महिना सरासरीइतकाच गेला" हे ऐकवणं ही क्रूरता आहे. मी हा शब्द विचार करून वापरतोय.

शासनालाही हे कळतं. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी थंडीचा निकष असा राहिला आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याहून कमी राहिलं तर भरपाई. नीट वाचा. त्यात महिन्याची सरासरी कुठेही नाही. योजना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की झाडाला सरासरी लागत नाही, सलग थंड रात्री लागतात. हा निकष पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या रात्री ७.९, दुसऱ्या रात्री ८.२, तिसऱ्या रात्री ७.८ असेल तर मधल्या रात्रीच्या दोन दशांशांनी सगळं जातं, आणि केळीला ८.२ आणि ७.९ यांतला फरक कळत नाही. तरीही दिवस मोजणं हा मार्ग बरोबर आहे. एकच शासन विमा देताना दिवस मोजतं आणि आढावा घेताना महिना मोजतं; यातलं दुसरं सोडून द्यावं, एवढंच मागणं आहे.

"थंडीची लाट तर आलीच नव्हती," हा पुढचा युक्तिवाद. लाटेची व्याख्या बघा. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, शिवाय ते त्या काळच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवं. नाही तर पारा थेट ४ अंशांवर यायला हवा. जिथे सरासरी १३ आहे तिथे ८.५ पर्यंत उतरल्याशिवाय लाट जाहीर होत नाही. नऊ अंशांच्या सलग आठ रात्री व्याख्येबाहेर राहतात. व्याख्या चुकीची आहे असं नाही. ती इशारा देण्यासाठी, माणसाच्या जिवाच्या काळजीनं केलेली आहे. पण त्या माणसांमध्येही उसाच्या फडाजवळ कोपीत झोपणारी तोडणीची कुटुंबं आणि वीटभट्टीवरची लेकरं आहेत, आणि त्यांना नऊ अंश पुरेसे असतात.

पावसाचं प्रकरण तर याहून वाईट. मराठवाड्यात जानेवारीची पावसाची सरासरी अगदी थोड्या मिलिमीटरची आहे. अशा महिन्यात सरासरी कशी बनते ते पाहा. समजा, ५० वर्षांतले ४० जानेवारी कोरडे गेले आणि १० वर्षी प्रत्येकी २५ मिलिमीटर पडला. सरासरी ५ मिलिमीटर. म्हणजे ४० वर्षी पाऊस सरासरीपेक्षा १०० टक्के कमी आणि १० वर्षी ४०० टक्के जास्त. सरासरीइतका पाऊस पन्नास वर्षांत एकदाही पडला नाही! तरी दर वर्षी टक्केवारी छापून येते. उणे १०० पाहून शहरातला वाचक हळहळतो, आणि अधिक ४०० वाचून शेतकऱ्याचं भलं झालं असं समजतो. खरं तर उलट असतं. पाव्हण्यासारखा आलेला तो २५ मिलिमीटर पाऊस फेब्रुवारीत पडला तर नांदेड-हिंगोली पट्ट्यातल्या हळदीची काय अवस्था होते, हे एकदा बघून यावं. काढलेली हळद शिजवून खळ्यावर वाळत घातलेली असते. उन्हात दोन-अडीच आठवडे ती फिरवावी लागते. अर्ध्या वाळलेल्या हळदीवर एक सर आली की रंग जातो, बुरशी धरते. ताडपत्री आणेपर्यंत सर येऊन गेलेली असते. रंग गेलेल्या हळदीला सौद्यात कुणी हात लावत नाही. नऊ महिन्यांचं पीक वीस मिनिटांत हलकं होतं.

गारांना तर मिलिमीटरच्या तक्त्यात जागाच नाही. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली आणि मार्चच्या मध्यापर्यंत चाललेली गारपीट मराठवाड्यात ज्यानं पाहिली तो ती विसरणार नाही. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, सगळीकडे उभा गहू, काढणीला आलेली ज्वारी आणि हरभरा, द्राक्षांच्या बागा आडव्या झाल्या. जनावरं आणि पाखरं मेली. ११ फेब्रुवारी २०१८ ला पुन्हा तेच, जालना-बीडकडे जास्त. पर्जन्यमापकात गार पडते, वितळते आणि पाणी म्हणून मोजली जाते. लिंबाएवढ्या गारांचा मारा आणि तेवढ्याच पाण्याची संथ सर यांत मापकाला फरक कळत नाही. अशा महिन्याबद्दल "पाऊस सरासरीपेक्षा इतके टक्के जास्त" असं लिहिणाऱ्यानं काय घडलं ते लिहिलेलंच नसतं.

आणि ही सरासरी कुठली? तापमानाची तुलना तीस वर्षांच्या काळाशी होते, आणि तो काळ दर दहा वर्षांनी पुढे सरकतो. आधी १९८१ ते २०१० होता, आता १९९१ ते २०२० आहे. जग तापत असताना हा काळ पुढे नेला की पाया वर सरकतो. जुन्या पायावर जी रात्र उबदार ठरली असती ती नव्या पायावर सामान्य ठरू शकते. हवा तीच, शेत तेच, शेरा बदललेला. पावसातही असं होतं: देशाच्या पावसाळ्याची सरासरी २०२२ मध्ये ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आणली गेली. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे, जगभर असंच करतात, आणि त्यामागे काही कारस्थान आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण 'सामान्य' हा शब्द ऐकणाऱ्याला वाटतं की आजोबांच्या वेळी होतं तसं. कुठल्या तीस वर्षांशी तुलना केली, हे शेजारी लिहिल्याशिवाय तो शब्द छापू नये.

जागेचा प्रश्नही आहेच. हवामान विभागाच्या हिशेबात मराठवाडा हा एक उपविभाग, आठ जिल्ह्यांचा. नांदेड आणि लातूर त्यात शेजारी असले तरी दोघांच्या रात्री एक नाहीत. लातूर-उदगीर बालाघाटच्या पठारावर, नांदेड खाली गोदावरीच्या खोऱ्यात, आणि किनवट-माहूरकडे डोंगर आणि जंगल. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उताराकडे वाहते आणि खोलगट भागात साचते. म्हणून निलंगा तालुक्यात तेरणा-मांजरेच्या काठाला असलेल्या औराद शहाजानीच्या हवामान केंद्राचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, आणि पठारावरच्या आकड्याशी तो जुळत नाही. दोन्ही आकडे खरेच असतात. एकाच गावात माळावरचा हरभरा तरारलेला आणि ओढ्याकाठच्या पट्टीतला गारठलेला, हे कुणीही दाखवील. त्यातही तापमापक असतो जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत. निरभ्र रात्री पिकाचं पान त्याहून काही अंश थंड होतं. कृषी हवामान केंद्रांत गवताच्या पातळीवरचं किमान तापमान वेगळं मोजतात ते याचसाठी. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये जन्मला. त्याची जी काही दीर्घकालीन सरासरी सांगितली जाते ती मूठभर केंद्रांवर उभी असते, हे सांगणारा कधी सांगत नाही.

यावर समोरची बाजू एक सवाल करते आणि तो सवाल वजनदार आहे. सरासरी सोडली तर उरतं काय? आठवण? आठवणीवर भरपाई द्यायची ठरली तर प्रत्येक हिवाळा शतकातला सर्वांत वाईट ठरेल. हे मला मान्य आहे. माणसाची आठवण हवामानाच्या बाबतीत फार कच्ची असते. "आमच्या लहानपणी महिनाभर शेकोटी विझत नव्हती" असं म्हणणाऱ्याला त्या हिवाळ्यातले आभाळाचे, उबदार आठवडे आठवत नाहीत. "आता हिवाळाच राहिला नाही" हे वाक्यही खोटं आहे. डिसेंबर २०२४ च्या मध्यावर मराठवाड्यात ज्यानं पहाटेची पाळी भरली त्याला विचारा. दुसरीकडे त्या कडाक्याकडे बोट दाखवून "कसली आलीय तापमानवाढ" म्हणणारेही तितकेच चुकतात. त्याच हिवाळ्यातला फेब्रुवारी २०२५ देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला: सरासरी २२.०४ अंश, नेहमीपेक्षा १.३४ अंश जास्त. आणि २०२४ हे जगाच्या नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष होतं. हे कळायला दीर्घकालीन सरासरीच लागते, आणि त्या कामासाठी मी तिची बाजू कुठेही घेईन. फेब्रुवारी तापला की गव्हाचा आणि हरभऱ्याचा दाणा भरायच्या आत पिकतो, बारीक राहतो. असं वर्षामागून वर्ष होत गेलं तर पेरणीची तारीख, वाण, सगळंच बदलावं लागेल. तो निर्णय सरासरीच्या बळावरच घ्यायचा असतो. दशकांचा प्रश्न सरासरीला विचारावा. एका शेतातल्या एका महिन्याचा प्रश्न तिला विचारू नये.

मग कुणाला विचारायचा? आठवण आणि सरासरी यांच्या मधे रोजची नोंद नावाची गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे आहे. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत. तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा, सगळं मोजलं जातं. त्याच नोंदींवर विम्याचे दावे ठरतात. पण ज्याच्या शेतावरून दावा ठरतो त्याला आपल्या मंडळाचा महिनाभराचा रोजचा तक्ता हातात मिळायला किती खेटे घालावे लागतात, ते तालुक्याला जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. केंद्र कुठे बसवलंय, शेजारी भिंत आहे, पत्र्याचं छत आहे की मोकळं रान, हेही त्याला कळलं पाहिजे. कारण भिंतीजवळचा पारा रात्री उतरत नाही.

उलट्या दिशेनं मात्र पावलं झपाट्यानं पडली. कृषी विज्ञान केंद्रांतून जिल्ह्याजिल्ह्याला सल्ला देणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशभरात २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो, तो चांगला असतो. पण एका विद्यापीठानं आठ जिल्ह्यांना पुरं पडावं, आणि जिल्ह्याच्या पातळीवरचा जो माणूस मंडळाचा पारा बघून "आज रात्री बागेला पाणी द्या" म्हणू शकला असता त्यालाच घरी पाठवावं, हा निर्णय चुकीचा होता. तो फिरवला पाहिजे.

आणि महिन्याचा आढावा छापायचाच असेल तर त्यात सरासरीच्या शेजारी आणखी चार रकाने घालावेत. किमान तापमान १० च्या खाली गेलेल्या रात्री किती आणि त्यातल्या सलग किती. आभाळाचे दिवस किती. महिन्यातली सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार रात्र कोणती. अवकाळी पाऊस किंवा गारा कुठल्या तारखेला, किती वेळ. "एवढं छापायला जागा कुठून आणायची" असं कुणी म्हणू नये. नांदेडचे तालुके १६, लातूरचे १०. सव्वीस ओळींचा तक्ता एका पानात मावतो. जानेवारीचा तक्ता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक तहसीलच्या फलकावर लागावा, म्हणजे निसवणीतला अडकलेला घड अजून झाडावर असताना, पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर शेतकऱ्याला तारखेवर बोट ठेवून दाखवता येईल.